शकुंतलेच्या पायाखालची जमीन

शकुंतला रेल्वेबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिला मान इंजिनाचा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन, १९२३ पासून सत्तर वर्षं त्यानं ओढलेली गाडी, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी लागलेलं डिझेल. एवढं सांगून झालं की गाडीचा इतिहास झाला, असं समजतात. फोटोही इंजिनाचेच. रुळांचा फोटो कोणी मुद्दाम काढत नाही. काढलाच तर गाडी बंद पडल्यावर, त्यात गवत माजल्यावर.

मला या गाडीबद्दल लिहायचं आहे ते रुळांच्या बाजूनं. डिझेल आलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, आता गाडी सुधारणार. कोळसा गेला, पाणी भरण्याचा खोळंबा गेला, राख गेली. पण मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटरचं अंतर डिझेल लागल्यावरही चारेक तासांचंच राहिलं. म्हणजे सरासरी ताशी १९ किलोमीटर. इंजिन अख्खं बदललं आणि वेळ तसूभर हलली नाही, यातच या गाडीचं सगळं दुखणं आहे. आणि ते दुखणं इंजिनात कधीच नव्हतं.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. शकुंतला ही अडीच फुटी गाडी. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या मोठ्या लाईनीचं १६७६, म्हणजे दुपटीहून जास्त. भुसावळ–नागपूर लाईनीवरचं मूर्तिजापूर हे तिचं जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायचा, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट करत अचलपूरला. पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची लाईनही त्याच घरातली. घर म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं १९१० मध्ये उभी केलेली. वऱ्हाडाचा कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणायचा, तिथून मुंबई बंदर, तिथून मँचेस्टर, असा सरळ हिशेब. पुढे कापूस ट्रकनं जाऊ लागला आणि गाडीत माणसं उरली. शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, दवाखान्याची आणि कचेरीची कामं असलेले म्हातारे. एसटीच्या मानानं तिकीट फारच कमी, म्हणून ज्यांना वेळ परवडत होता पण पैसा परवडत नव्हता, त्यांची ही गाडी.

माझे मोठे मामा या लाईनीवर की-मॅन होते, अचलपूरच्या बाजूला. मामांचं घर अंजनगावला, पानमळ्यांच्या गावात. सुट्टीत गेलो की त्यांच्यामागे लाईनीवर चालायचा माझा हट्ट असायचा, आणि मामी नको नको म्हणत असताना ते मला न्यायचे. खांद्यावर लांब दांड्याची हातोडी, पिशवीत पाना, लाल आणि हिरवी झेंडी. काम दिसायला सोपं. आपल्या वाट्याची लाईन पायी तपासायची, प्रत्येक सांधा बघायचा, ढिला बोल्ट आवळायचा, निसटलेली चावी ठोकून बसवायची. चावी म्हणजे रूळ आणि त्याखालचा आडवा स्लीपर यांना घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर. ती निसटली की रूळ मोकळा.

मामा नुसते बघत नसत, ऐकत. चालता चालता हातोडीचा हलका ठोका चावीवर मारायचे आणि पुढे जायचे. मधेच थांबून पुन्हा मारायचे. मी विचारलं, "मामा, यात का बिघडलं?"

"आवाज आयक," मामा म्हणाले. "टणटण आला तं बसेल हाय. हा पाह्य, बद्द येते. म्हणजे ढिली झाली."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते. बऱ्याच सुट्ट्यांनंतर फरक कानाला कळू लागला, आणि तो एकदा कळला की विसरता येत नाही. आजही कुठल्या प्लॅटफॉर्मवर ठोकाठोकी चालली असली तर कान तिकडे वळतात.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गँगचा मेट, लाईन दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम. लाईन जिथं वाकडी झाली असेल तिथं मेट सरळ रुळाशेजारी पोटावर आडवा पडायचा, गाल जवळजवळ रुळाला टेकवायचा आणि एक डोळा मिटून रुळाच्या कडेवरून लांबवर बघायचा. पन्नास पावलांवर गँगमन पहारी घेऊन उभे. मेट जमिनीवरूनच हात हलवायचा. डावीकडे. अजून थोडं. बस. मग तिथं बीटर नावाच्या हत्यारानं खडी स्लीपरखाली कोंबायची, दोन्ही बाजूंनी, एका ठेक्यात. पुन्हा मेट आडवा. उन्हात रूळ इतका तापायचा की गाल खरंच टेकला तर चटका बसेल, म्हणून ते केसभर अंतर राखायची सवय त्यांना झालेली. कुठलं यंत्र नाही, दोरी नाही. माणसाचा डोळा आणि दूरवर पळत जाणारी लोखंडाची एक चकचकीत रेघ. या कामाला मी आजही मोठी कारागिरी मानतो, आणि तिच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत याचं मला वाईट वाटतं.

आता या मंडळींना सगळ्यात जास्त कोण छळायचं? जमीन. आमची काळी जमीन.

कापसाला जी माती सोन्यासारखी, ती रेल्वेला वैरीण. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर येते. आणि ती सगळीकडे सारखी वर येत नाही. पाणी साचलं तिथं जास्त, उतार असला तिथं कमी. त्यावर रूळ ठेवा. वर्षातून एकदा जमीन रूळ उचलणार, एकदा खाली सोडणार, आणि दर वेळी थोडा वेगळा. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना तर लाईन पूर्णेचं खोरं ओलांडते. तो खारपाणपट्टा. विहिरीला गोडं पाणी लागत नाही, चिकण काळी माती खोलवर, आणि पाण्याचा निचरा जवळजवळ नाही. पावसाळ्यात त्या भागात दुचाकीच्या चाकाला माती अशी चिकटते की चाक फिरेनासं होतं, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

रुळाखाली खडी घालतात ती नुसतं वजन पेलायला नाही. गाडीचा भार पसरून मातीवर हलका पडावा आणि पाणी चटकन निघून जावं, ही खडीची दोन कामं. हलक्या लाईनींवर हा थर मुळातच पातळ. ओल्या काळ्या मातीवर गाडी गेली की प्रत्येक चाकागणिक स्लीपर दबतो आणि उठतो, आणि त्या दाबानं खालचा चिखल खडीच्या फटींतून वर येतो. काही पावसाळ्यांत खडी आणि माती यांचा एक गच्च काला होऊन जातो. मग पाणी निघत नाही, पाणी निघत नाही म्हणून माती अजून मऊ होते, आणि स्लीपर अजून खाली. उपाय माहीत नाही असं नाही. माती आणि खडी यांच्यामध्ये मुरमाचा किंवा वाळूचा जाड थर द्यायचा, दोन्ही बाजूंचे चर दर वर्षी मोकळे करायचे, घाण झालेली खडी काढून, चाळून परत टाकायची. पण यातलं प्रत्येक काम माणसं मागतं, पैसे मागतं, आणि केल्यावर डोळ्यांना काहीच नवं दिसत नाही. उद्घाटनाला फीत कापावी असं त्यात काही नसतं.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. दहा मीटर लांबीचा रूळ चाळीस अंशांच्या फरकात साधारण पाच मिलिमीटर वाढतो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा उन्हात पडलेला रूळ त्याहून कितीतरी तापलेला असतो. म्हणून जुन्या लाईनीत दोन रुळांच्या सांध्यात फट सोडतात. फिशप्लेट नावाच्या लोखंडी पट्टीनं दोन्ही टोकं धरलेली, पण सरकायला जागा ठेवून. गाडीचा तो खडखड ठेका त्या फटींतून येतो. फट बुजली तर रूळ बाजूला फुगतो, जास्त रुंदावली तर थंडीत बोल्टवर ताण येतो, आणि चाक दर वेळी रुळाचं टोक ठोकत जातं. सांध्याखालचा स्लीपर सगळ्यात आधी बसतो तो म्हणूनच. मामांचा निम्मा जीव या सांध्यांत अडकलेला असायचा.

गाडी घसरते कशी, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. आमच्याकडे लोकांना वाटायचं, वेगानं घसरते. शकुंतला वेगानं कधी गेलीच नाही, तरी घसरायचा धोका होताच. अंगणात बाज टाका आणि एका पायाखालची जमीन खचलेली असू द्या; तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी. रुळाची एक बाजू थोड्याच अंतरात खाली बसली की डब्याच्या चाकांचं तसंच होतं. एका चाकावरचं वजन उतरतं, आणि वजन उतरलेलं चाक कडेवर चढून बाहेर पडायला मोकळं. दुसरा प्रकार म्हणजे रूळ फाकणं. स्लीपर कुजला किंवा चाव्या सैल झाल्या की दोन रुळांमधलं अंतर वाढतं, आणि एक वेळ अशी येते की चाक सरळ मध्ये पडतं. अडीच फुटी लाईनीत डब्याची रुंदी रुळांच्या मानानं बरीच जास्त असते, त्यामुळे खालच्या बारीक चुकीचा वर मोठा झोल होतो. डब्यात बसलेल्याला तो पाळण्यासारखा वाटतो. मला लहानपणी फार आवडायचा. मामा मात्र गाडीत बसले की खिडकीबाहेर बघत नसत, खाली बघत.

इथं बार्शी लाईट रेल्वेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीही अडीच फुटीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. बार्शीचा बाजार मोठ्या लाईनीला जोडायचा, पण पैसा थोडा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्यानं सुरुवात इंजिनापासून केली नाही, रुळापासून केली. रूळ हलका, यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास. आज मुख्य लाईनींवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो, म्हणजे चौपट. एवढ्या हलक्या रुळाला काय सोसेल? एका आसाला, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या दांड्याला, पाच टन. ठरलं. मग इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुणाच्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असंच सगळं घडवायचं. इंग्लंडात लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्याला जे इंजिन बनवून दिलं त्याची आठ चाकं ओढणारी आणि मागची चार नुसता भार वाटून घेणारी. म्हणजे चार आस कामाचे, दोन हमालीचे. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तीनशे किलोमीटरच्या वर पसरलेली ही लाईन, आणि आषाढी-कार्तिकीला तिनं वारकऱ्यांची जी गर्दी वाहिली ती वेगळी.

कॅलथ्रॉपचा हा विचार मला फार मोठा वाटतो. आधी जमिनीला काय झेपेल ते विचारा, मग रुळाला, आणि शेवटी इंजिन त्या मापात कापा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी इंजिन येतं, त्याचा हार-तुऱ्यांनी सत्कार होतो, आणि रूळ मागाहून बघू.

मजा अशी, की भारतीय रेल्वेच्या इंजिनिअरांना हे चांगलं माहीत होतं. अरुंद लाईनींसाठी चित्तरंजनच्या कारखान्यानं झेडडीएम मालिकेची डिझेल इंजिनं बनवली. झेड म्हणजे अडीच फुटी, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. त्यातलं १९७० च्या दशकातलं झेडडीएम-४ बघा. सातशे अश्वशक्ती, आणि आसांची मांडणी अशी, की मधले चार आस ओढणारे आणि दोन्ही टोकांना एकेक आस नुसता वजन पेलणारा. पुन्हा चार कामाचे, दोन हमालीचे! कॅलथ्रॉपनं बार्शीसाठी जे गणित मांडलं होतं, तेच पाऊणशे वर्षांनी डिझेलच्या कागदावर उतरलं होतं. पुढे झेडडीएम-५ आलं ते अजून हलकं, साडेचारशे अश्वशक्तीचं. ही इंजिनं रुळांचा मान राखून बनवलेली होती, हे आवर्जून सांगायला हवं, कारण आमच्याकडे डिझेलनं लाईन खिळखिळी केली असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तसं नाही. उलट काही बाबतींत डिझेल रुळांना सौम्यच. वाफेच्या इंजिनात पुढे-मागे होणारे जड दांडे चाकांना फिरवतात, आणि त्यांचा तोल कितीही साधला तरी प्रत्येक फेऱ्यात रुळावर वरून ठोका बसतो. डिझेलमध्ये तो ठोका नाही. वाफेच्या इंजिनाची आठ मोठी चाकं एका ताठ चौकटीत, त्यामुळे वळणावर ती रुळाला बाहेर रेटतात. डिझेलच्या खालचे दोन ट्रक, म्हणजे चाकांचे दोन सुटे सांगाडे, आपापले वळतात. पेटवायला तासन् तास नकोत, वाटेत पाण्यासाठी थांबणं नको, कमी माणसांत काम. ज्या माणसांनी आयुष्यभर फावड्यानं कोळसा ओढला त्यांच्या पाठीला डिझेलनं काय सुख दिलं असेल, हे वाफेच्या आठवणी काढताना आपण विसरतो. मला वाफेचं इंजिन प्रिय आहे, पण त्याच्या भट्टीसमोर मे महिन्यात उभं राहायची वेळ माझ्यावर आली नाही.

तर डिझेल चांगलं होतं. ते पन्नासनं पळायला तयार होतं. रूळ त्याला वीसच्या वर जाऊ देत नव्हते.

मग रूळ का सुधारले नाहीत? इथं शकुंतलेची ती जगावेगळी कहाणी येते. १९५१ मध्ये ही गाडी चालवणारी जीआयपी मध्य रेल्वेत मिसळली, देशातल्या बहुतेक लाईनी एका छत्राखाली आल्या, पण शकुंतलेचे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची रेल्वेनं, माणसं रेल्वेची, इंजिन रेल्वेचं, आणि रूळ वापरल्याबद्दल कंपनीला मोबदला. दहा-दहा वर्षांनी करार पुढे सरकायचा. वर्तमानपत्रांत याची बातमी कायम एकाच सुरात येते, की बघा, स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या कंपनीला भाडं. ती चीड मला कळते, पण मला त्याहून वेगळी गोष्ट जास्त टोचते. अशा मांडणीत रूळ नक्की कुणाचे? ज्याचे आहेत तो त्यावरून गाडी चालवत नाही, आणि जो चालवतो त्याचे ते नाहीत. दोघांनाही आजची गाडी आज गेली की पुरे. वीस वर्षं पुढचा विचार करून जमीन उकरायची, मुरूम भरायचा, नवे रूळ टाकायचे, यात दोघांपैकी कुणाचंच हित नाही. मामांसारखी माणसं रोज जे करत होती ती डागडुजी होती, मनापासून केलेली, उत्तम डागडुजी. पण हातोडीनं चावी बसते, जमीन बसत नाही.

बार्शीशी ताडून बघा, म्हणजे फरक लख्ख कळतो. बार्शी लाईटही खासगी कंपनीच होती, पण १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. मालक एकच झाला. म्हणून पुढे या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ती लाईन टप्प्याटप्प्यानं मोठी होऊ शकली. कुर्डुवाडी–पंढरपूर झालं, लातूर झालं, शेवटी मिरज. जुनी लाईन धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जायची. मोठी करताना ती वळवून शहरात आणली. अडीच फुटीची मजा गेली म्हणून हळहळणारे आहेत, मीही त्यात आहे. पण लातूरच्या माणसाला आज मुंबईची गाडी गावातून मिळते. हळहळीपेक्षा ते मोठं.

आमच्याकडे मात्र उतरण लागली ती लागलीच. रूळ कमकुवत म्हणून वेग कमी. वेग कमी म्हणून ज्याला चार पैसे जास्त देणं शक्य तो एसटीकडे, जीपकडे गेला. प्रवासी घटले म्हणून लाईनीवर खर्च करायला कारण उरलं नाही. खर्च नाही म्हणून रूळ अजून कमकुवत. २०१४ मध्ये गाडी थांबली, लोकांनी रेटा लावल्यावर काही काळ पुन्हा चालली, आणि २०१६ नंतर पुन्हा बंद पडली. शेवटच्या काळात तिच्यात कोण होतं? ज्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं ते. गाडी बंद झाल्याचा फटकाही त्यांनाच बसला. तिकडे जळगाव जिल्ह्यात पाचोरा–जामनेरची ५६ किलोमीटरची 'पीजे' २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिचेही प्रवासी याच वर्गातले.

२०१६ मध्येच शकुंतलेचं मोठ्या लाईनीत रूपांतर करायची घोषणा झाली, दीड हजार कोटींचा आकडा आला, पेपरांत रकाने भरले. अचलपूरकडच्या लोकांनी त्यानंतर सत्याग्रह केले, अर्ज दिले, अजून देतात. काहींचं म्हणणं आहे, अडीच फुटीच ठेवा, वारसा म्हणून जपा, पर्यटक येतील. नागपूरला मोतीबागेत अरुंद लाईनींचं संग्रहालय आहे, तिथली इंजिनं मी डोळे भरून पाहिली आहेत आणि ते संग्रहालय उभं करणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत असं मानतो. पण शकुंतला ही काही डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांची गाडी नव्हती. पथ्रोटच्या पोरीला दर्यापूरच्या कॉलेजात वेळेवर पोचायचं असेल, तर तिला वारसा नको, ताशी साठनं जाणारी गाडी हवी. लाईन मोठी करा. माझं मत स्पष्ट आहे.

फक्त मोठी करताना पुन्हा वरूनच सुरुवात करू नका. खारपाणपट्ट्यातली माती जिथं होती तिथंच आहे. उंच भराव, खाली जाड मुरमाचा आणि वाळूचा थर, पूर्णेच्या पुराचं पाणी निघून जाईल अशा मोठ्या मोऱ्या, आणि चर साफ ठेवायला दर वर्षीचा ठरलेला पैसा, हे आधी. मोठ्या लाईनीच्या एकेका आसावर वीस टनांच्या वर भार येतो. ज्या जमिनीनं हलक्याफुलक्या डब्यांखाली स्लीपर गिळले, ती या भाराला काय करेल याचा अंदाज मामांच्या गँगमधल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारला तर तो देईल. त्यातले काही अजून आहेत, अंजनगावात आणि मूर्तिजापुरात. कुठल्या ठिकाणी दर पावसाळ्यात लाईन बसायची, कुठल्या मोरीला पाणी अडायचं, कुठल्या वळणावर रूळ फाकायचे, हे त्यांना तोंडपाठ आहे. कुठल्याही सर्वेक्षणाच्या आधी ही माणसं सोबत घेऊन ७६ किलोमीटर पायी चालणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे, आणि त्याला फार वर्षं हातात नाहीत.

दुसरं काम तर उद्यासुद्धा करता येईल. लाईनीची जागा मोजून घ्यावी. गावागावांत रुळांवर गोठे आलेत, उकिरडे आलेत, कुठं शेताचा बांध सरकलाय, कुठं रस्ता करताना रूळ डांबराखाली गेलेत. गाडी येईल तेव्हा येईल. पण शंभर वर्षांपूर्वी एकसंध घेतलेली ही पट्टी एकदा तुटली की ती पुन्हा जोडायला जो पैसा आणि ज्या कोर्टकचेऱ्या लागतील, त्यात आणखी एक पिढी जाईल. महसूल आणि रेल्वे या दोन्ही खात्यांनी मिळून हद्दीचे दगड रोवावेत, नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. यासाठी कुणाचा करार संपायची वाट बघावी लागत नाही.